आजच्या आज केलेला नियम

नदी जिथे मोठे वळण घेते तिथे एक दाट जंगल होते, आणि त्या जंगलात, मुलांनो, चक्क शाळा होत्या. एक वडाखाली, एक ओढ्याकाठी आणि एक माळावरच्या खडकापाशी. कोणती फळे खायची आणि कोणती नुसती लांबून बघायची, बिबट्याच्या पावलाचा ठसा कसा ओळखायचा, वणव्याचा वास आला की कुठे पळायचे, हे सगळे तिथे शिकवत. तुम्ही म्हणाल, मजा आहे, पाढे पाठ करायला नकोत! पण त्या शाळांत नापास होऊन चालत नसे. ज्याला ठसा ओळखता आला नाही, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसायची संधी बिबट्या देत नसे. म्हणून जंगलातले आईबाप आपली पिल्ले रोज नेमाने शाळेत धाडत.

याच जंगलात एक साळिंदरीण आपल्या एकुलत्या एका पिल्लाला घेऊन राहत असे. सगळे तिला साळूताई म्हणत. होती मोठी कष्टाळू आणि प्रेमळ, पण तितकीच तापट. राग आला की तिच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहत आणि असे खुळखुळत, की समोरचा काय सांगतो आहे ते तिला ऐकूच येत नसे. राग उतरला की काटे खाली बसत आणि मग ती विचारी, “काय म्हणत होतात तुम्ही?” तोवर सांगणारा निघून गेलेला असे.

तिन्ही शाळांना नियम एकच, आणि ते ठरत जांभळीखालच्या सभेत. सभा दर पंधरवड्याला, सकाळच्या वेळी. सभेचे प्रमुख होते कासव आजोबा. आता जंगलात लिहून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे सगळे नियम पोपटाच्या तोंडी असत. कुणी नवा नियम सुचवला, की पोपट तो खणखणीत आवाजात म्हणून दाखवी. ही पहिली ऐकवणी. मग पोपट पंधरा दिवस रानभर हिंडून, पाणवठ्या-पाणवठ्यावर बसून तो नियम सगळ्यांच्या कानांवर घाली. पुढच्या सभेला दुसरी ऐकवणी होई, आणि ज्यांना काही म्हणायचे असेल ते येऊन म्हणत. त्याच्या पुढच्या सभेला तिसरी ऐकवणी झाली, की कासव आजोबा मान पुरती बाहेर काढून “पक्का” म्हणत, आणि मग तो नियम होई.

यात एकच सवलत होती. फारच निकड असेल आणि सभेला हजर असलेल्या सगळ्यांनी होकार दिला, तर पुढच्या दोन ऐकवण्या टाळता येत. कुठल्याशा जुन्या पुराच्या वेळी ही सवलत ठेवली होती. पूर काही तुमची ऐकवणी संपायची वाट पाहत नाही.

एके दिवशी दुपारी साळिंदरिणीचे पिल्लू शाळेतून रडत घरी आले. त्याचे नाक सुजून करवंदासारखे झाले होते.

“कुणी केलं हे?” साळिंदरिणीने विचारले.

“माकडाच्या पोराने,” पिल्लू हुंदके देत म्हणाले. “बाभळीची डहाळी आणली होती त्याने. काटा टोचला मला. पण आई, त्याच्या आधी ना...”

“त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही!” साळिंदरीण कडाडली. तिचे काटे उभे राहिले, खुळखुळले, आणि पिल्लाचे पुढचे बोलणे त्या खुळखुळाटात विरून गेले. पिल्लानेही मग सांगायचे सोडून दिले आणि ते कोपऱ्यात जाऊन नाक चाटत बसले.

दुसऱ्याच दिवशी सभा होती. साळिंदरीण सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. उन्हाळ्याचे दिवस, करवंदे पिकलेली, त्यामुळे आलेल्यांपैकी निम्म्यांचा जीव सभेत आणि निम्म्यांचा जाळीत. तेवढ्यात साळिंदरीण उभी राहिली आणि तिने आपला नियम सांगितला. पोपटाने गळा साफ करून तो म्हणून दाखवला : “माकडाच्या ज्या पोराने बाभळीची काटेरी डहाळी आणून दुसऱ्याला टोचली, त्याला शाळेत घेऊ नये.”

“झकास!” साळिंदरीण म्हणाली.

पण सभा म्हटली की दुरुस्त्या आल्याच. कोल्हा शेपटी सावरत पुढे आला. “नियम उत्तमच आहे, साळूताई. फक्त ते ‘माकडाच्या’ तेवढं काढा. आज नियमात माकडाचं नाव आलं, तर उद्या कोल्ह्याचं येईल. असं कुणाचं नाव घेणं बरं दिसत नाही.”

साळिंदरिणीने क्षणभर विचार केला. टोचणारे पोर तर माकडाचेच आहे, नाव असले काय, नसले काय! “काढा,” ती म्हणाली. पोपटाने ते काढून नियम पुन्हा म्हटला.

मग भेकर उठले. त्याच्या तोंडात अजून पाला होता. “बाभळीचं नाव नको. उन्हाळाभर आमची पोटं तिच्या शेंगांवर भरतात. उगाच चांगल्या झाडाला बट्टा लावू नका.”

“बरं, बाभूळ काढा,” साळिंदरीण घाईने म्हणाली.

“आणि डहाळी?” कावळा वरून ओरडला. त्याला प्रत्येक सभेत ओरडायला काहीतरी लागेच. “आमचं अख्खं घर डहाळ्यांचं! आमच्या पोरांच्या चोचीत येताजाता एखादी काडी असतेच. म्हणजे आम्ही काय पोरांना घरी बसवायचं?”

“डहाळीही काढा! काटे राहू द्या म्हणजे झालं. मुद्दा काट्यांचा आहे.”

आता नियम असा झाला होता : “ज्या पोराने काटे आणून दुसऱ्याला टोचले, त्याला शाळेत घेऊ नये.” इथेच सगळे थांबले असते, तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण वडाखालच्या शाळेच्या दारावर उभा राहणारा गवा तिथे बसला होता. शरीराने डोंगराएवढा, मनाने सरळ, आणि सांगितलेल्या कामाच्या रेषेबाहेर खूर न टाकणारा.

“माझी एक अडचण आहे,” गवा म्हणाला. “टोचाटोची होणार आत, वर्गात. मी उभा दारात. कुणी कुणाला टोचलं ते मला कसं कळणार? मला दारात डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी सांगा. काटे दिसले की अडवतो, नाही दिसले की सोडतो.”

“खरं आहे गवेदादांचं,” कोल्हा म्हणाला. पोपटाने नियम शेवटचा म्हटला : “ज्या पोराजवळ काटे असतील, त्याला शाळेत घेऊ नये.”

मुलांनो, तुम्ही हुशार आहात. तुमच्यातल्या दोघातिघांनी आत्ताच डोक्याला हात लावला असेल. पण साळिंदरिणीला काही म्हणजे काही उमगले नाही. तिच्या मते काटे म्हणजे बाभळीचे, बोरीचे, निवडुंगाचे. तिच्या अंगावर होती ती तिची पाठ होती. स्वतःचे काटे कुणाला दिसतात हो?

“चांगलं,” कासव आजोबा म्हणाले. “ही झाली पहिली ऐकवणी. आज माकडं सभेला नाहीत. ओढ्यापलीकडे उंबर पिकलेत, तिकडे गेलेली दिसतात. पोपट तिथे जाऊन त्यांना ऐकवील, आणि दुसऱ्या ऐकवणीला ती येतील.”

“म्हणजे महिनाभर माझ्या पिल्लाने नाक टोचून घेत बसायचं?” साळिंदरिणीचे काटे उभे राहिले. “आजोबा, हे भिजत घोंगडं मला नको. माकडांना काय विचारायचं त्यात? चोराला विचारून कुणी दाराला कडी लावतं का? निकड आहे. आजच्या आज पक्का करा!”

“अगं, ऐकून तर घे...”

“आजच्या आज!”

काटे इतके खुळखुळत होते, की आजोबांचे पुढचे शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत. शेवटी त्यांनी सगळ्यांना विचारले, “कुणाची हरकत?” ऊन चढत होते. भेकराला तहान लागली होती, कावळ्याला करवंदे दिसत होती, आणि कोल्ह्याचे काम झाले होते. हरकत कुणाचीच नव्हती. कासव आजोबांनी सावकाश, नाइलाजाने मान बाहेर काढली आणि म्हटले, “पक्का.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साळिंदरीण स्वतः पिल्लाला शाळेत सोडायला निघाली. स्वारी अशी ऐटीत चालली होती, की वाटेतल्या मुंग्यांनीही बाजूला व्हावे. “आज बघच तू,” ती पिल्लाला सांगत होती. “आजपासून कुणाची बिशाद नाही तुला हात लावायची.”

वडाखालच्या शाळेचे दार म्हणजे दोन मोठ्या शिळांमधली वाट. तिथे गवा उभा होता. सशाचे पिल्लू आत गेले, मोराची दोन गेली, आणि साळिंदराच्या पिल्लासमोर गव्याने शिंगे आडवी केली.

“थांब,” तो म्हणाला. “काटे आहेत.”

“बघितलंस!” साळिंदरीण आनंदाने पिल्लाला म्हणाली आणि गर्रकन मागे वळली. मागे कुणीच नव्हते. “कुठायत, गवेदादा? कुणाजवळ?”

“याच्याजवळ,” गवा म्हणाला. “पाठीवर.”

साळिंदरिणीला वाटले, गवा थट्टा करतो आहे. तिने हसूनही पाहिले. पण गव्याने जन्मात कधी थट्टा केली नव्हती. तिचे हसू ओठांवरच वाळले.

“अहो, ती त्याची पाठ आहे!”

“पाठ आहे हे बरोबर,” गवा म्हणाला. “पण तिच्यावर काटे आहेत. मला काटे बघायला सांगितलं, ते मी बघितले. पाठीचं मला कुणी काही सांगितलेलं नाही.”

“अहो, पण नियम मीच केलाय!”

“म्हणून तर म्हणतो,” गवा समजुतीने म्हणाला, “तुम्हाला तरी तो ठाऊक असायला हवा होता.”

तेवढ्यात माकडाचे पोर उड्या मारत आले. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. गव्याने त्याच्याकडे पाहिले, काटे दिसले नाहीत, आणि त्याने वाट सोडली. पोर आत गेले, थबकले, वळून पिल्लाकडे बघत राहिले आणि मग वर्गात जाऊन बसले. साळिंदरिणीच्या पायांखालची जमीन सरकली. ज्याला अडवायला नियम केला तो आत, आणि ज्याच्यासाठी केला तो बाहेर! करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

ती पिल्लाला घेऊन ओढ्याकाठच्या शाळेत धावली. तिथे दारावर रानडुक्कर होते. “काटे आहेत,” ते म्हणाले. ती माळावरच्या शाळेत गेली. तिथे नीलगाय होती. तीही तेच म्हणाली. नियम तिन्ही शाळांना एकच होता ना!

मग ती सभेतल्या एकेकाकडे गेली. कोल्हा बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडला होता. “मी फक्त माकडाचं नाव काढा म्हटलं,” तो म्हणाला. “बाकीचं मला काय ठाऊक?” भेकराने फक्त बाभूळ काढली होती. कावळ्याने फक्त डहाळी काढली होती. प्रत्येकाने आपल्याला टोचेल तेवढाच शब्द उपटला होता आणि प्रत्येक जण अगदी निरपराध होता. शिवाय प्रत्येकाने शेवटी डोळे मोठे करून एकच विचारले, “पण साळूताई, हा नियम तुमचाच ना?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ! तक्रार तरी कुणाची करणार? रडकुंडीला येऊन ती नदीकाठी कासव आजोबांकडे गेली. “मोडून टाका तो नियम, आजोबा,” ती म्हणाली. “मी चुकले.”

“सभेत केलेला नियम सभेतच बदलायचा,” आजोबा म्हणाले. “मी एकटा कसा मोडू? पंधरा दिवसांनी सभा आहे. तोवर धीर धर.”

“मग निदान गव्याला गुपचूप सांगून ठेवा. माझ्या एकट्याच्या पिल्लाला सोड म्हणावं.”

“तसं मी सांगू शकतो,” आजोबा म्हणाले. “गवा ऐकेलही. पण मग उद्यापासून जो तो नियमासाठी सभेत न येता माझ्या कानाशी येईल. तुझ्या आधी कोल्हाच येईल. चालेल तुला?”

साळिंदरिणीला चालण्यासारखे नव्हते. ती मान खाली घालून परत गेली.

पिल्लाला पहिले दोन दिवस मजा वाटली. मग त्याला चैन पडेना. सकाळी शाळेच्या बाजूने मुलांचा गलका ऐकू आला, की ते कान टवकारून बसे. “आज ठशांचा धडा असेल,” ते म्हणे. “आई, बिबट्याच्या ठशात नखं दिसतात की नाही? मला विसरायला झालं.” साळिंदरिणीला ते धड आठवत नसे, कारण ती शाळेत असताना बाईंवर रागावून बसलेली असे. “थोडेच दिवस, बाळा,” एवढेच ती म्हणे आणि कंदमुळे उकरायला निघून जाई. ती गेली, की पिल्लू घरामागच्या खडकाकडे जाई. संध्याकाळी ते जरा सुस्त दिसे, पाठ तिच्याकडे करत नसे. शाळा चुकल्यामुळे रुसले असेल, असे साळिंदरिणीला वाटले.

एके दुपारी ती जरा लवकर परतली. घरात पिल्लू नव्हते. तिने हाक मारली, उत्तर आले नाही. ती घरामागे गेली आणि जागच्या जागी खिळली. जमिनीवर काटे पडले होते. लहान लहान, काळेपांढरे, कोवळे काटे. तिच्या पिल्लाचे. काहींच्या मुळाशी रक्त होते.

बिबट्या! दुसरा विचारच तिच्या मनात आला नाही. ती काट्यांच्या मागाने वेड्यासारखी खडकाला वळसा घालून धावली.

बिबट्या नव्हता. पिल्लू एकटेच होते. ते खडकाच्या फटीला पाठ लावून बसले होते. पाठीवरचा एक काटा त्याने फटीत अडकवला होता आणि दात घट्ट आवळून ते पुढे ओढ घेत होते. काटा उपटून निघाला. पिल्लू कळवळले, त्याने दोन खोल श्वास घेतले आणि मागे सरकून दुसरा काटा फटीत घातला. त्याची अर्धी पाठ उघडी पडली होती. जिथे काटे होते तिथे रक्ताचे ठिपके होते, काही सुकलेले, काही ओले.

आईला पाहताच त्याचा चेहरा उजळला.

“आई, बघ!” ते म्हणाले. “अर्धे झाले. दुखतं थोडंसं, पण आता अर्धेच राहिलेत. सगळे निघाले की गवेदादा मला आत घेईल ना?”

साळिंदरीण हादरून गेली. कोणत्याही आईने पाहू नये असे ती पाहत होती, आणि ते कुणी केले हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. अशा वेळी तिचे काटे खरे तर आकाशाला भिडायचे. पण त्या दिवशी एकही काटा हलला नाही. तिने पिल्लाला पोटाशी ओढले आणि ती मोठमोठ्याने रडली. पिल्लू मात्र गोंधळून गेले. आपण इतके चांगले काम केले आणि आई रडते का, हे त्याला कळेना.

सभेच्या दिवशी ती पिल्लाला घेऊन जांभळीखाली गेली. तिने काही भाषण केले नाही. मधल्या सपाट दगडावर पिल्लाला पाठमोरे उभे केले आणि ती बाजूला झाली.

भेकराच्या तोंडातला पाला गळून पडला. कावळ्याने चोच उघडली आणि त्याला ओरडायला काही सुचले नाही. गवा उठून उभा राहिला. “मी... मी असं करायला नव्हतं सांगितलं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. “मी नुसतं थांब म्हटलं होतं.”

“याला कुणी खाऊन टाकलं असतं तर?” सशीण म्हणाली. खरेच होते ते. काटे नसलेले साळिंदर म्हणजे बिबट्याला सोलून ठेवलेले फळच.

सगळ्यांत आधी सावरला तो कोल्हा. “मोडा तो नियम!” तो ओरडला. “नवा करा! ‘साळिंदराचं पिल्लू सोडून ज्या पोराजवळ काटे असतील, त्याला शाळेत घेऊ नये.’ झालं! आणि ऐकवण्या कसल्या करता? पिल्लाची दशा बघा. आजच्या आज!”

“आजच्या आज! आजच्या आज!” सगळी सभा ओरडू लागली. ज्यांना पिल्लाकडे बघवत नव्हते ते जास्त मोठ्याने ओरडत होते. साळिंदरीणही “हो” म्हणणारच होती. शब्द अगदी ओठांवर आला होता.

“मला जरा बोलायचं होतं,” जांभळीच्या फांदीवरून कुणीतरी म्हणाले.

सगळ्यांनी वर पाहिले. माकडीण होती, आणि तिच्या पोटाला बिलगून तिचे पोर बसले होते. पिल्लाची पाठ पाहून तिचेही डोळे भरून आले होते. ती खाली उतरली.

“त्या दिवशी काय झालं ते मी सांगते,” माकडीण म्हणाली. “दोघं शेजारीशेजारी बसली होती. तुमच्या पिल्लाने पाठ वळवली आणि त्याचा काटा माझ्या पोराच्या शेपटीत घुसला. मुद्दाम नव्हे हो, चुकून. पण माझं पोर चिडलं. जाऊन बाभळीची डहाळी घेऊन आलं आणि त्याने याच्या नाकाला टोचलं. हे मुद्दाम. संध्याकाळी त्याच्या शेपटीतला काटा काढताना मला सगळं कळलं. त्याचा कान मी चांगला पिळलाय.”

साळिंदरिणीने पिल्लाकडे पाहिले. “आई, मी सांगत होतो ना,” पिल्लू हळूच म्हणाले. “त्याच्या आधी ना... असं मी सांगत होतो.”

“आता माझ्या अडाणी डोक्याला विचाराल,” माकडीण पुढे म्हणाली, “तर नियमात काटेही नकोत, साळिंदरही नको आणि माकडही नको. ‘शाळेत कुणी कुणाला टोचू नये, आणि चुकून टोचलं तर लगेच बाईंना सांगावं.’ एवढं पुरे. यात दोघंही आली. गवेदादांना दारात काही दिसायला नको. आत बाई असतात की बघायला.”

इतके साधे होते ते. साळिंदरिणीला आनंद व्हायला हवा होता. पण ती जवळजवळ किंचाळलीच, “मग हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?”

माकडीण चकित झाली.

“सांगणारच होते की, साळूताई,” ती म्हणाली. “आम्ही उंबरावर होतो तेव्हा कानांवर आलं, की आमच्या पोरांवरून सभेत काहीतरी चाललंय. म्हटलं, पोपट येईल, नीट ऐकवील. दुसऱ्या ऐकवणीला पोराला घेऊन जाऊ, पिल्लाची माफी मागायला लावू आणि सगळ्यांसमोर हे सांगू. पोपटाची वाट बघत होतो, तर पोराने शाळेतून येऊन सांगितलं, की नियम पक्काही झाला. पण दुसरी ऐकवणी झालीच कुठे?”

साळिंदरीण मटकन खाली बसली. दुसरी ऐकवणी झाली असती, तर हीच माकडीण येऊन हेच बोलली असती. नियम पक्का झाला नसता, पिल्लू एक दिवसही शाळेबाहेर राहिले नसते आणि त्या खडकाच्या फटीत एकही काटा अडकला नसता. आजच्या आज म्हणून ती ओरडली होती तेव्हा नेमके हेच शब्द तिने अडवले होते. तिने पिल्लाची उघडी पाठ पाहिली आणि तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

“जुना नियम मी या क्षणी थांबवतो,” कासव आजोबा म्हणाले. “सगळी सभा बसली आहे, कुणाची हरकत दिसत नाही. पिल्लू उद्यापासून शाळेत जाईल. आता राहिला नवा नियम. माकडीणबाईंनी सांगितलेला चांगला आहे. निकडीची सवलत आहेच. बोल साळू, आजच्या आज?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. साळिंदरीण सावकाश उठली.

“नको, आजोबा,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की कावळ्याला फांदीवरून वाकून ऐकावे लागले. “आता चांगला वाटतोय. तेव्हा माझाही मला चांगलाच वाटला होता. पोपटाला उंबरापलीकडे पाठवा, माळाच्या टोकाला पाठवा. त्यात कुणाचं पोर अडकतंय का, ते ज्याचं पोर त्यालाच दिसेल. तीनदा ऐकवा.”

पोपटाने पहिली ऐकवणी केली आणि तो तसाच उडाला. सभा उठली. माकडाच्या पोराने पिल्लाजवळ येऊन कान धरले, आणि उद्या ठशांचा राहिलेला धडा सांगायचे कबूल केले. मग साळिंदरीण पिल्लाला जपून, पाठीला धक्का न लावता चालवत घरी निघाली. वाटेत पिल्लाने विचारले, “आई, माझे काटे परत येतील?”

“येतील, बाळा. हळूहळू सगळे येतील.”

पिल्लू चालायचे थांबले. “मग ते आले, की मला परत शाळेतून काढतील?”

दोघांच्या मागून गवा येत होता. त्याने ते ऐकले आणि मान खाली घातली.

“नाही रे, राजा,” साळिंदरीण डोळे पुसत म्हणाली. “तुझे काटे यायला वेळ लागेल. तोवर तिसरी ऐकवणीसुद्धा झालेली असेल.”

तात्पर्य : दुसऱ्याच्या पोराला अडवायला केलेला नियम आधी आपल्या पोराला लावून पाहावा, आणि ज्यांना तो लागू व्हायचा, त्यांचे ऐकून घेतल्यावाचून तो कधीही पक्का करू नये.